हिशेबाचे सॉफ्टवेअर दृष्टिहीन लेखनिकांना वापरता यावे, यासाठी काय बदलावे?

हिशेबनीस, गोरेगाव
नमस्कार. गृहनिर्माण संस्थांची देखभाल-बिले आणि पावत्या काढणारे विंडोजवरचे सॉफ्टवेअर मी सी-शार्प या प्रोग्रॅमिंग भाषेत, विनफॉर्म्स हा खिडक्या आणि बटणे तयार करण्याचा संच वापरून लिहिले आहे. मुलुंडच्या एका संस्थेत नुकत्याच रुजू झालेल्या लेखनिक बाई पूर्णतः दृष्टिहीन आहेत. मागच्या आठवड्यात त्यांच्या शेजारी बसलो, तेव्हा त्या टॅब दाबत होत्या आणि एनव्हीडीए हा त्यांचा स्क्रीन रीडर (पडद्यावरचे मोठ्याने वाचून दाखवणारा प्रोग्रॅम) नुसताच 'बटण', 'बटण' म्हणत होता. जतन करण्याचे बटण कितवे आणि रद्द करण्याचे कितवे, हे त्या मोजून लक्षात ठेवत होत्या. ही चूक सर्वस्वी माझी आहे, म्हणून विचारतो: सुरुवात कोठून करावी?

परळकर
मी स्वतः दृष्टिहीन असून धोबी तलावच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयातील दृष्टिहीनांसाठीच्या केंद्रात स्क्रीन रीडर शिकलो. तुमचा प्रोग्रॅम प्रत्येक घटकाचे जे नाव, प्रकार आणि स्थिती विंडोजला कळवतो, तेच आम्हाला ऐकू येते. बटणावर फ्लॉपीचे चित्र काढले, तरी ते आमच्यापर्यंत पोहोचत नाही. थकबाकी नुसती लाल रंगात दाखवत असाल, तर शेजारी 'थकीत' हा शब्दही लिहा. 'पावती जतन झाली' हा संदेश खिडकीच्या तळाशी उमटून विरून जात असेल, तर तो आम्हाला कळत नाही आणि मग एकाच सभासदाच्या नावे दोन पावत्या निघतात.

प्रभादेवीची प्रोग्रॅमर
चित्रांच्या बटणांना 'ॲक्सेसिबलनेम' या गुणधर्मात नाव द्या. मजकुराच्या चौकटीला बहुधा तेवढेही लागत नाही, कारण टॅबच्या क्रमात लेबल तिच्या लगेच आधी असेल, तर तेच तिचे नाव म्हणून वाचले जाते. तक्ता तुम्ही स्वतः रंगवून काढला असेल, तर विंडोजच्या दृष्टीने तो एक कोरा चौकोन आहे. त्याजागी 'डेटाग्रिडव्ह्यू' हा विनफॉर्म्समधला तयार तक्ता वापरा.

आपल्याकडची खरी अडचण मात्र जुन्या मराठी फॉन्टची आहे. युनिकोड ही सर्व लिप्यांसाठीची समान संकेतपद्धती रुळण्यापूर्वीच्या फॉन्टमध्ये पडद्यावर 'सभासद' दिसत असले, तरी आत रोमन अक्षरे आणि चिन्हेच साठवलेली असतात आणि स्क्रीन रीडर तीच निरर्थक अक्षरे वाचतो. सगळी नोंदवही युनिकोडमध्ये आणल्याशिवाय एनव्हीडीएसोबत येणाऱ्या ई-स्पीक या मजकूर बोलून दाखवणाऱ्या प्रोग्रॅमच्या मराठी आवाजाचा काहीही उपयोग होणार नाही.

एनव्हीडीए विनामूल्य आहे. मायकेल करन या दृष्टिहीन ऑस्ट्रेलियन तरुणाने २००६ मध्ये ते लिहायला घेतले. ते घरच्या संगणकावर बसवा, मॉनिटर बंद करा, माऊस बाजूला ठेवा आणि एक पावती काढून पाहा.

हिशेबनीस, गोरेगाव
दोघांचेही मनापासून आभार. मॉनिटर बंद करून बसलो, तेव्हा तिसऱ्याच चौकटीत अडकलो. नंतर भर घातलेल्या चौकटींमुळे टॅबचा क्रम विस्कटला होता आणि 'रक्कम' या चौकटीवर 'धनादेश क्रमांक' असे ऐकू येत होते. तो क्रम आणि बटणांची नावे एका दुपारीत दुरुस्त झाली. तक्ता बदलायला घेतला आहे. फॉन्टच्या रूपांतरात जोडाक्षरे बिघडत असल्याने सभासदांची यादी एकेक नाव तपासून पुढे नेत आहे.