‘गिफ्ट’ म्हणजे भेट की विष? युरोपीय भाषांतील दिसायला सारखे शब्द

प्रश्न
जर्मन शिकायला घेतल्यावर एका शब्दापाशी मी अडखळलो. इंग्रजीत ‘गिफ्ट’ म्हणजे भेटवस्तू, तर जर्मनमध्ये नेमक्या त्याच अक्षरांनी लिहिलेल्या ‘गिफ्ट’चा अर्थ विष. हा योगायोग आहे की दोन्ही शब्द मुळात एकच आहेत? शिवाय इंग्रजी ‘डे’ आणि स्पॅनिश ‘दिआ’ या दोहोंचा अर्थ दिवस. ते तरी सख्खे असावेत, असे मी धरून चाललो आहे. जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर १
‘गिफ्ट’ हा योगायोग नाही. इंग्रजी ‘गिव्ह’ आणि जर्मन ‘गेबेन’ या ‘देणे’ अर्थाच्या क्रियापदांच्या मुळापासूनच तो शब्द बनला, आणि जुन्या जर्मनमध्येही त्याचा अर्थ ‘दिलेली वस्तू’ असाच होता. हुंड्याला जर्मनमध्ये ‘मिटगिफ्ट’ म्हणतात, त्यात तो अर्थ आजही टिकून आहे. ग्रीक ‘डोसिस’ म्हणजे देणे, आणि त्यावरूनच औषधाची मात्रा. त्या शब्दाच्या वळणाने ‘गिफ्ट’लाही मात्रेचा अर्थ आला, आणि विषाचे नाव उघडपणे घेण्याऐवजी हा सौम्य शब्द वापरता वापरता मूळ अर्थ मागे पडला. मराठीत रुळलेला ‘डोस’ त्याच ग्रीक शब्दापासून आलेला असून ‘देणे’मागचा ‘दा’ धातू त्याचा सगोत्र आहे, याचे मला आजही अप्रूप वाटते. स्वीडिशमध्ये तर हाच शब्द विष आणि विवाहित अशा दोन्ही अर्थांनी चालतो.

उत्तर २
‘डे’ आणि ‘दिआ’ यांचे मात्र काहीही नाते नाही. भाषाशास्त्रज्ञ रासमुस रास्क यांनी 1818 मध्ये आणि याकोब ग्रिम यांनी 1822 मध्ये दाखवून दिले की लॅटिन आणि जर्मानिक भाषांतील (म्हणजे इंग्रजी, जर्मन, स्वीडिश यांच्या कुळातील) ध्वनी ठरावीक नियमाने बदलतात. लॅटिनमध्ये जेथे ‘द’ आहे, तेथे इंग्रजीत ‘ट’ येतो: ‘दुओ’ला ‘टू’, ‘देकेम’ला ‘टेन’, दात या अर्थाच्या ‘देन्स’ला ‘टूथ’. मराठीतले दोन, दहा, दात शेजारी ठेवले की नियम डोळ्यांसमोर उभा राहतो. ‘दिआ’ लॅटिन ‘दिएस’पासून आला आहे, ‘डे’ त्याचा भाऊ असता, तर त्याची सुरुवात ‘ट’ने झाली असती. त्यामुळे नाते ठरवताना दिसण्यापेक्षा असा नियमित फरक अधिक विश्वासार्ह ठरतो. जर्मन ‘हाबेन’ आणि लॅटिन ‘हाबेरे’ या दोहोंचा अर्थ ‘जवळ असणे’ असूनही ते याच कारणाने परके आहेत. लॅटिन ‘क’च्या जागी जर्मानिक भाषांत ‘ह’ येतो, म्हणून ‘हाबेन’चा खरा नातलग म्हणजे ‘पकडणे’ अर्थाचा लॅटिन ‘कापेरे’.

उत्तर ३
वरील उत्तरात एक भर घालतो. ‘दिएस’चे इंग्रजीतले नातलग शोधायचे असतील, तर ‘ट्यूजडे’ पाहावा. त्याचा पहिला भाग ‘टिव’ या जुन्या जर्मानिक देवाचे नाव असून ते अपेक्षेप्रमाणे ‘ट’नेच सुरू होते, आणि आपले ‘देव’ व ‘दिवस’ हे शब्दही त्याच मुळाचे आहेत. म्हणजे त्या एका शब्दात ‘दिवस’चा नातलग पहिल्या अर्ध्यात आहे, आणि अर्थाने दिवस असलेला ‘डे’ मात्र वेगळ्या कुळातला आहे.