'टु' आणि क्रियापद यांच्या मध्ये क्रियाविशेषण: चालतं की नाही?

मांजराकाठ (लातूर)
मंडळी, एक शंका आहे. भाचा स्पर्धा परीक्षेच्या क्लासला जातो. सराव पेपरात 'चूक शोधा' या प्रश्नात वाक्य होतं: "ही प्रॉमिस्ड टु क्विकली रिपेअर द पंप." उत्तरसूचीप्रमाणे चूक 'क्विकली'च्या जागेत आहे. 'टु' आणि क्रियापद यांच्यात काही घालायचंच नाही, असा नियम आहे म्हणे. मग त्यानं सुधारून लिहिलं, "ही प्रॉमिस्ड टु रिपेअर क्विकली द पंप." क्लासमध्ये हे बरोबर धरलं. माझं इंग्रजी बेताचंच, पण मला पहिलं वाक्य सरळ वाटतं आणि हे दुसरंच खटकतं. कुणी सांगेल का?

गंगाखेडच्या बाई
तुमचा कान बरोबर आहे. पहिलं वाक्य चांगलं इंग्रजी आहे, दुसरं चूक. म्हणजे उत्तरसूचीनं मुलाला बऱ्या वाक्यातून उचलून वाईट वाक्यात नेऊन बसवलं.

इंग्रजीत कर्म क्रियापदाला लागून येतं. 'रिपेअर' म्हटलं की लगेच 'द पंप'. त्या दोघांच्या मध्ये क्रियाविशेषण आलं की वाक्य मोडतं. "शी वॉन्ट्स टु स्पीक फ्लुएंटली इंग्लिश" हे चूक, "टु स्पीक इंग्लिश फ्लुएंटली" हे बरोबर. "टु रीड केअरफुली द क्वेश्चन" चूक, "टु रीड द क्वेश्चन केअरफुली" बरोबर. वर्गात मी कायम हेच सांगत आले की 'टु'नंतरच्या जागेची भीती सोडा आणि कर्माच्या आधीची जागा सांभाळा.

आपली मुलं नेमकी इथंच का चुकतात, तेही मराठीत बघा. आपण म्हणतो 'इंग्रजी अस्खलित बोलायला', 'प्रश्न नीट वाचायला'. कर्म आधी, मग क्रियाविशेषण, मग त्याला लगटून क्रियापद. मूल ती लगट तशीच इंग्रजीत नेतं. फरक एवढाच की तिथं कर्म क्रियापदाच्या पुढं उभं असतं, त्यामुळं मध्ये घुसखोरी होते. वर 'टु'नंतर काही चालत नाही असा धाक घातला, की मुलाला तीच एक जागा मोकळी दिसते.

एक सवलत मात्र आहे. कर्म लांबलचक असेल तर क्रियाविशेषण त्याच्या आधी येऊ शकतं. "टु एक्स्प्लेन क्लिअरली व्हाय द फॉर्म वॉज रिजेक्टेड" हे अगदी ठीक. इथं 'क्लिअरली' शेवटाला टाकलं तर फॉर्म स्पष्टपणे नाकारला असा अर्थ निघेल.

बालाघाटी (बीड)
बाई, मग तो नियम खराच आहे का नाही? आमच्या मास्तरांनी यावरून छड्या मारल्यात.

गंगाखेडच्या बाई
छडी खरी होती, नियम नाही.

पंपाचंच वाक्य घ्या आणि 'क्विकली' सरकवत चला. "ही क्विकली प्रॉमिस्ड टु रिपेअर द पंप" म्हणजे शब्द पटकन दिला, पंप कधी होईल देव जाणे. "ही प्रॉमिस्ड टु रिपेअर द पंप क्विकली" म्हणजे दुरुस्ती पटकन. "टु क्विकली रिपेअर" म्हणजेही दुरुस्तीच पटकन, त्यात शंका नाही. आता नियम पाळण्याच्या हट्टानं 'टु'च्या आधी नेऊन बघा: "ही प्रॉमिस्ड क्विकली टु रिपेअर द पंप." त्यानं शब्द पटकन दिला का काम पटकन करणार? दोन्ही अर्थ लागतात. मराठीतही हा घोळ होतो. 'त्यानं लवकर पंप दुरुस्त करायचं कबूल केलं' म्हटलं तर लवकर काय, कबूल केलं का दुरुस्ती?

तेव्हा क्रियाविशेषण कुठल्या क्रियापदाचं आहे ते आधी ठरवा. ते ठरलं की जागा बहुतेक वेळा आपोआप सापडते.

टंकलेखन (नांदेड)
माझं टायपिंगचं दुकान आहे, दिवसभर रजेचे अन् विनंतीचे अर्ज टाइप करायलो. त्यातलं ठरलेलं वाक्य सांगतो: "आय रिक्वेस्ट यू टु काइंडली ग्रँट मी लीव्ह." 'टु' आणि 'ग्रँट'च्या मध्ये 'काइंडली' बसलंच की! नियम शिकवणारे मास्तर स्वतःच्या रजेला हेच लिहून नेतात.

बालाघाटी
😂😂 हौ, खरंय.

गंगाखेडच्या बाई
आणि त्यांनी तिथंच लिहावं. कारण कृपा करायची आहे ती रजा देणाऱ्यानं. "आय काइंडली रिक्वेस्ट यू" असं लिहिलं तर शब्दशः विनंती करणाराच स्वतःला कृपाळू म्हणवून घेतो. आता ते इतकं रुळलंय की कुणी अडवत नाही, तरी मला ते आवडत नाही. "आय रिक्वेस्ट यू काइंडली टु ग्रँट" लिहिलं तर काइंडली दोन्हीकडं ओढलं जातं. 'टु' आणि 'ग्रँट'च्या मधली जागा सगळ्यात निःसंदिग्ध.

वसमतकर
या नियमाचा इतिहास थोडक्यात. अशी रचना इंग्रजीत तेराव्या-चौदाव्या शतकापासून सापडते. तिच्याविरुद्ध छापील तक्रार १८३४ मध्ये अमेरिकेतल्या एका मासिकात आली. मग १८६४ मध्ये इंग्लंडात कँटरबरीचे डीन हेन्री आल्फर्ड यांनी लिहिलं की असं कुणी इंग्रज बोलतही नाही आणि लिहीतही नाही. तेव्हा लोक बोलत होते आणि लिहीतही होते. 'टु गो' सारख्या रूपाला इन्फिनिटिव्ह म्हणतात; मध्ये शब्द घालून तो फोडला म्हणून 'स्प्लिट इन्फिनिटिव्ह', पण हे नाव त्याहून उशिराचं, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीचं. लॅटिनमध्ये इन्फिनिटिव्ह एकाच शब्दाचा असतो म्हणून हा नियम आला, असं सर्रास सांगतात. पण सुरुवातीच्या टीकाकारांनी लॅटिनचा दाखला दिलेला दिसत नाही. १९२६ मध्ये इंग्रज कोशकार फाउलर यांनी इंग्रजीच्या वापरावरच्या आपल्या कोशात स्पष्ट मांडलं की अर्थाचा घोटाळा किंवा कृत्रिम वाक्य यापेक्षा मध्ये शब्द घातलेला बरा. एवढं होऊनही 'द इकॉनॉमिस्ट' या ब्रिटिश साप्ताहिकाच्या शैलीपुस्तिकेनं आपली अट सैल केली ती २०१८ मध्ये.

मुळात 'टु' क्रियापदाचा अवयव नाहीच. "आय कॅन गो", "लेट हिम गो" यात तो नसतो. आणि "डू यू वॉन्ट टु गो?" याला "यस, आय वॉन्ट टु" एवढं उत्तर पुरतं, तिथं क्रियापदच गळून गेलं. जे मुळात जोडलेलंच नाही ते फोडलं कसं म्हणायचं?

टंकलेखन (नांदेड)
ओबामांच्या शपथेचाही किस्सा आहे ना?

वसमतकर
आहे, पण तिथं इन्फिनिटिव्ह नव्हता. २००९ मध्ये सरन्यायाधीश रॉबर्ट्स शपथ देताना "आय विल फेथफुली एक्झिक्यूट"मधला 'फेथफुली' उचलून शेवटाला घेऊन गेले. दुसऱ्या दिवशी व्हाइट हाउसमध्ये शपथ पुन्हा घ्यावी लागली. भाषाशास्त्रज्ञ स्टीव्हन पिंकर यांचा तर्क असा की मध्ये शब्द न घालण्याची सवयच तिथं आडवी आली. तर्कच आहे, पण पटण्यासारखा.

मांजराकाठ
'नॉट'चं काय? भाचा विचारतोय, "टु नॉट गो" का "नॉट टु गो"?

गंगाखेडच्या बाई
"नॉट टु गो" लिहावं. "ट्राय नॉट टु बी लेट" हेच रूढ आहे. बोलताना "टु नॉट" खूप ऐकू येतं, लेखी परीक्षेत कशाला विषाची परीक्षा? खरी काळजी वेगळीच. "आय डिसाइडेड नॉट टु गो" म्हणजे जायचं नाही असं ठरवलं. "आय डिडन्ट डिसाइड टु गो" म्हणजे जायचं असं काही ठरवलं नाही. मराठीत हा फरक आपण न चुकता करतो, इंग्रजीत दोन्हीला एकच वाक्य ठोकून देतो.

'ओन्ली'चंही तसंच. "आय केम ओन्ली टु आस्क" म्हणजे विचारायलाच आलो. आपला 'च' कुठंही चिकटतो, तसा 'ओन्ली' आपण वाक्याच्या शेपटाला लावतो, "आय केम टु आस्क ओन्ली." आपल्याकडं कळतं सगळ्यांना, पण लेखी इंग्रजीत तो ज्या शब्दाचा आहे त्याच्या आधी ठेवावा.

बालाघाटी
जरा आडवाट घेतो. आपल्याकडं 'तो जेवायलाय' म्हणजे आत्ता जेवतोय. पुण्याकडं 'जेवायला' ऐकलं की पुढं 'गेला' का 'बसला' याची वाट बघतात. आमच्या वर्गात एकानं 'तो पंप दुरुस्त करायलाय' याचं "ही इज टु रिपेअर द पंप" केलं होतं. 'आयला' दिसलं की 'टु' लावायचं, एवढंच डोक्यात.

गंगाखेडच्या बाई
छान उदाहरण दिलंत. "ही इज टु रिपेअर" म्हणजे त्यानं दुरुस्त करायचं ठरलेलं आहे. तुमच्या मित्राला हवं होतं "ही इज रिपेअरिंग". मग 'तो हळूहळू दुरुस्त करायलाय' याला "ही इज स्लोली रिपेअरिंग द पंप", इथं 'टु'चा संबंधच येत नाही. 'करायला सांगितलं' यातला 'करायला' मात्र खरा 'टु'वाला. आपल्या भागात शिकवताना हे दोन 'आयला' आधी वेगळे करून द्यायलाच पाहिजेत. आपल्या पाठ्यपुस्तकात ते येत नाही, कारण प्रमाण मराठीत हा घोळच नाही.

वसमतकर
जिथं मध्ये घातल्याशिवाय गत्यंतरच नाही असं एक वाक्य देतो: "वी एक्स्पेक्ट द सोयाबीन यील्ड टु मोअर दॅन डबल." दुपटीहून जास्त होईल. 'मोअर दॅन' दुसरीकडं कुठं ठेवून बघा.

बालाघाटी
"मोअर दॅन एक्स्पेक्ट" केलं तर अपेक्षेहून जास्त होतंय. शेवटी टाकलं तर लटकतंय. 🙏

मांजराकाठ
बाई, सगळं पटलं. पण परीक्षेत त्यानं करायचं काय? उत्तरसूची तर जुन्याच नियमाची.

गंगाखेडच्या बाई
'चूक शोधा' आलं तर आधी वाक्यात दुसरी चूक आहे का ते शोधावं: कर्ता-क्रियापद, काळ, आर्टिकल. बहुतेक वेळा खरी चूक तिथंच असते. काहीच सापडलं नाही आणि मध्ये क्रियाविशेषण बसलेलं असेल, तर पेपर काढणाऱ्याच्या मनात तेच आहे असं धरून तो पर्याय निवडावा. गुण पदरात पाडून घ्यावेत. स्वतः लिहायचं असेल तर कर्मानंतर ठेवावं, "टु रिपेअर द पंप क्विकली." तिथं नवा-जुना कुणीच हरकत घेत नाही. आणि 'रिपेअर क्विकली द पंप'ला बरोबर म्हणणाऱ्या क्लासला भाच्यानं एकदा विचारावं की असं वाक्य कुठल्या इंग्रजी वर्तमानपत्रात वाचलंत. नम्रपणे.

मांजराकाठ
विचारायला सांगतो. त्याच पेपरात "आय लूक फॉरवर्ड टु मीट यू" पण बरोबर म्हणून दिलंय. त्यातला 'टु' कुठला म्हणायचा?

गंगाखेडच्या बाई
तो इन्फिनिटिव्हचा नाहीच, शब्दयोगी आहे. "टु मीटिंग यू" हवं. याला वेगळा धागा काढा.