पन्नास हजारांचा गेमिंग पीसी आणि ‘कार्ड दिवाळीला’

उद्यमनगरचा_फिटर:
आय_फाइव्ह_दादांनी पहिला पीसी असेंबल करणाऱ्या पोरांसाठी यादी टाकली आहे. ज्यांच्या नजरेतून सुटली त्यांच्यासाठी थोडक्यात: बजेट 50 हजार, आय-फाइव्ह 12400एफ, एच610 बोर्ड, 16 जीबीची एकच रॅम, पुढून काच आणि चार आरजीबी (रंगीत दिव्यांच्या) पंख्यांचं कॅबिनेट, एसएमपीएस (पीसीला वीज पुरवणारा डबा) ‘कॅबिनेटबरोबर फुकट’, आणि ग्राफिक्स कार्ड दिवाळीला. खाली सगळे ‘नाद खुळा दादा’ लिहून मोकळे. एकालाही प्रश्न पडला नाही.

दादा, एफवाल्या प्रोसेसरात ग्राफिक्स नसतंय. कार्डाशिवाय मॉनिटरवर काही येणारच नाही. पोरगं दिवाळीपर्यंत काळ्या पडद्याकडं बघणार आणि शेजारी आरजीबी झगमगणार. बैल आज घ्या, गाडी पुढच्या सुगीला, असला हा सल्ला. आणि घरात ‘पुढची दिवाळी’ कशी येते ते मला विचारा. पुढच्या दिवाळीला बहिणीची फी येते, घराचं पत्र्याचं काम येतं. कार्ड येत नाही.

त्याहून वाईट तो फुकटचा एसएमपीएस. माझ्याकडं दुरुस्तीला आलेल्या एकाच्या डब्यावर मोठ्या अक्षरात 450 लिहिलेलं. स्टिकरवर 12 व्होल्टचा रकाना बघितला तर 16 अँपिअर. गुणाकार करा, 192 वॉट. 12400 जोर लावला की 117 वॉटपर्यंत जातो, आरएक्स 6600 कार्ड 132 वॉटचं. बेरीज तुम्हीच करा. वर त्याला कार्डाची आठ पिनी वायरच नव्हती, जुन्या हार्डडिस्कच्या वायरीला कन्व्हर्टर लावून दिलेला. प्लास्टिक वितळून पिना चिकटल्या होत्या.

माझं म्हणणं सरळ आहे. गेमिंगचा पीसी म्हणताय तर आधी कार्ड आणि चांगला एसएमपीएस, उरलेल्यात प्रोसेसर. आय-थ्री 12100एफ किंवा रायझन 5 5600, त्याला आरएक्स 6600, 8-8 च्या दोन रॅम, नावाजलेल्या कंपनीचा 550 वॉटचा ब्राँझ (कमी वीज वाया घालवणारा) एसएमपीएस आणि पुढून जाळी असलेलं साधं कॅबिनेट. काच नको. कोल्हापूरच्या मे महिन्यात हवा कुठनं आत जाणार?

आय_फाइव्ह_दादा:
एफ तेवढा सोडून वाचा, बोट जास्तीचं पडलं. साध्या 12400 मध्ये यूएचडी 730 हे आतलं ग्राफिक्स आहे, चित्र दिसतंय. एवढ्याशा अक्षरावरनं भाषण ठोकायची गरज नव्हती.

मुद्दा तोच राहतो. ही पोरं खेळतात काय? व्हॅलोरंट आणि सीएस टू. दोन्हीला प्रोसेसर लागतो. माझ्या मामाच्या पोरानं तुमच्यासारख्याच एकाचं ऐकून चार कोअरचा आय-थ्री घेतला, कार्ड झकास टाकलं. गेमबरोबर डिस्कॉर्ड आणि रेकॉर्डिंग लावलं की गचके. आता बसलाय प्रोसेसर विकत. कार्ड काय, कधीही बदलता येतं. आणि तुम्ही वर्कशॉपात बसून काचेला नावं ठेवताय. पोराला घरात ठेवायचाय पीसी, गोडाऊनला नव्हे.

रंकाळा_144:
दोघंही अर्धे बरोबर आहात. व्हॅलोरंटला प्रोसेसर लागतो हे खरं. पण दादा, यूएचडी 730 वर 144 हर्ट्झचा (सेकंदाला 144 चित्रं दाखवणारा) मॉनिटर लावून काय पूजा करायची? कार्ड खरंच नंतर घ्यायचं असेल तर रायझन 5 5600जी घ्या. आतलं वेगा ग्राफिक्स व्हॅलोरंट सेकंदाला 60 चित्रांच्या वर आरामात चालवतं. फक्त रॅम दोन पट्ट्या पाहिजेत, कारण त्याला स्वतःची मेमरी नसते, तुमच्याच रॅममधली वापरतं. एक पट्टी टाकली की जीव निम्मा.

पण त्यातही खोच आहे. 5600जी जुन्या पीसीआय एक्स्प्रेस 3.0 वाला (कार्ड आणि प्रोसेसर यांच्यातला रस्ता). नंतर स्वस्तात मिळतंय म्हणून आरएक्स 6500 एक्सटी लावाल तर फसाल, त्या कार्डाला चारच लेन, 3.0 वर ते आणखी मार खातं. त्यात 4 जीबी मेमरी, रेकॉर्डिंगचा एन्कोडर (व्हिडिओ तयार करणारा भाग) सुद्धा काढून टाकलेला.

पुण्याला_गेलेला:
2017 पासूनच्या एएम4 वर (एएमडीचे हे रायझन ज्यात बसतात तो बोर्डावरचा सॉकेट) कुणी आज पैसे घालतं का? एएम5 2022 मध्ये आलं, निदान 2027 पर्यंत नवे प्रोसेसर देऊ असं एएमडीनं सांगितलंय. एकदा बोर्ड घेतला की पुढची काही वर्षं बघायला नको. आणि सगळं ऑनलाइन मागवा. कोल्हापुरात कोटेशन मागितलं की आधी ‘कशाला पाहिजे’ विचारतात, मग जे शिल्लक आहे तेच कसं चांगलं ते सांगतात. मला एका दुकानात आरएक्स 580 म्हणून कार्ड दाखवलं, घरी येऊन तपासलं तर 2048एसपी, म्हणजे 2048 शेडरचं (चित्र काढणारे छोटे भाग) कापलेलं मॉडेल. खऱ्या 580 ला 2304 शेडर असतात. हे तुमचं लोकल.

उद्यमनगरचा_फिटर:
एएम5 ला डीडीआर5 या नव्या पिढीच्या रॅमशिवाय पर्याय नाही. 2025 च्या शेवटापासून रॅमचे भाव कुठं गेलेत बघितलंस का? मेमरीचे कारखाने एआयच्या डेटा सेंटरांकडं वळले. मायक्रॉननं डिसेंबर 2025 मध्ये क्रूशल हा गिऱ्हाइकांसाठीचा ब्रँडच गुंडाळत असल्याचं जाहीर केलं. 50 हजारवाल्याला एएम5 सांगणं म्हणजे त्याला पीसी घेऊच नको म्हणणं. घरात कुणाच्या जुन्या पीसीतली डीडीआर4 पडून असेल तर तीच काढा, लाज वाटून घेऊ नका.

ऑनलाइनचं म्हणशील तर बोर्ड मेला की कुरिअर कर, महिनाभर वाट बघ. राजारामपुरीतला दुकानदार निदान तोंडावर तरी सापडतो. 580 चं मान्य. सेकंडहँड घेताना शेडरचा आकडा बघावाच लागतो. 15 सप्टेंबर 2022 ला इथेरियम या क्रिप्टो नाण्याचं कार्डावरचं मायनिंग (कार्डं राबवून नाणी कमवणं) बंद झाल्यावर असला माल पोत्यानं बाजारात आला होता.

पहिल्या_वर्षाचा:
नमस्कार. दादांची यादी बघून मीच उद्या पैसे भरणार होतो. गाव जयसिंगपूरजवळ आहे. पप्पा म्हणतात 50 च्या वर एक रुपया नाही. एक विचारायचं होतं, आमच्याकडं संध्याकाळी लाईट खालीवर होते, त्याला स्टॅबिलायझर घ्यावा का? तो 50 मध्येच बसवायचा आहे.

शिरोळचा_ऊसवाला:
आता कुणीतरी कामाचं बोलला! इथं सगळी कोअर मोजालीत आणि लाईटीचं कुणाच्या डोक्यात न्हाई. कोल्हापुरात एसीत बसून काय कळायचं. आमच्याकडं लाईट आली की शिवारातल्या सगळ्या मोटरी एकदम सुरू. घरात मीटर लावून बघा, 160-170. चुलत्याच्या पोराचा पीसी रोज रिस्टार्ट व्हायचा, त्यानं विंडोज चार जणांकडनं मारून घेतलं. विंडोजचा काय दोष? मग एका रात्री डीपीवरचा न्यूट्रल तुटला. टीव्ही, फ्रीज, पीसी, एका दमात सगळं गेलं. तुमचं ब्राँझ आन् काच दोन्ही धुरात. भावा, आधी स्टॅबिलायझर घे, मग कार्ड.

उद्यमनगरचा_फिटर:
स्टॅबिलायझर नको. 160 ला रिस्टार्ट होतोय तो त्या फुकटच्या डब्यामुळं. 100 ते 240 व्होल्ट लिहिलेला, अॅक्टिव्ह पीएफसीचा (कमीजास्त व्होल्टेज सांभाळून घेणाऱ्या सर्किटचा) चांगला एसएमपीएस बघून घ्या. 160 ला त्याला काही कळतसुद्धा नाही. तेच पैसे एसएमपीएसमध्ये घाला.

शिरोळचा_ऊसवाला:
आन् न्यूट्रल तुटल्यावर? एका फेजला 400 च्या घरात चढलं तर तुमचं 240 काय करणार?

उद्यमनगरचा_फिटर:
काही नाही. तिथं स्टॅबिलायझरही जळणार. त्याला मीटरपाशी ओव्हर-अंडर व्होल्टेज प्रोटेक्टर लागतो, ठराविक व्होल्टेजच्या वर गेलं की तोडून टाकतो. तुमचं एवढं बरोबर आहे की हे आम्ही यादीत लिहीत नाही. लिहायला पाहिजे.

शिरोळचा_ऊसवाला:
बघा, कबूल करायला किती जीव गेला.

रंकाळा_144:
यूपीएस कुणी काढलाच नाही. 600 व्हीएचा साधा यूपीएस 360 वॉटच्या आसपास देतो. गेम चालू असताना लाईट गेली, पीसी आणि मॉनिटर दोन्ही त्यावर असतील तर लगेच बंद करायचं, रँक्ड मॅच संपवायची नाही. शिवाय स्वस्त यूपीएसचा करंट साईन वेव्ह नसतो, पायऱ्या-पायऱ्यांचा असतो. पीएफसीवाले काही एसएमपीएस त्यावर गेले की टपकन बंद पडतात. माझा पडायचा.

आय_फाइव्ह_दादा:
झालं. गेमिंग पीसी विचारला, वायरमनचा कोर्स सुरू. आता खांबावर पण चढा.

काकू_राजारामपुरी:
मुलांनो, मी पुतण्याच्या नादानं हे वाचते आहे. कोअर वगैरे मला कळत नाही, पण लाईटीचं चाललंय म्हणून विचारते. आमच्या थोरल्याचा असाच काचेचा कॉम्प्युटर आहे. फरशी पुसताना ओला हात त्या डब्याला लागला की झिणझिण्या येतात. तो म्हणतो, आई, ते स्टॅटिक असतं. खरं का? आणि गेमिंगवाला घेतला की पोरं अभ्यास करत नाहीत, हे मात्र मी स्वतः सांगू शकते.

पुण्याला_गेलेला:
काकू, होतं असं. चप्पल घालून पुसा, किंवा पीसी लाकडी स्टुलावर ठेवा.

उद्यमनगरचा_फिटर:
पुण्याला जाऊन हेच शिकलास का रे? चप्पल घाला म्हणे. काकू, याचं अजिबात ऐकू नका, ते स्टॅटिक नाही. एसएमपीएसच्या तोंडाशी फिल्टरचे कपॅसिटर असतात, त्यांचा एक पाय डब्याला जोडलेला असतो. अर्थिंग असेल तर ती गळती जमिनीत जाते. नसेल तर डबा अधांतरी राहतो, 230 च्या साधारण निम्म्यावर, म्हणजे 115 च्या आसपास. करंट अगदी थोडा म्हणून नुसत्या झिणझिण्या. पण उद्या आत एखादी वायर सुटून पत्र्याला टेकली तर पूर्ण 230 येईल, आणि तुमचा हात ओला असेल. पुसताना पिन काढून ठेवा, आजपासून.

पुण्याला_गेलेला:
साधं सांगितलं तर एवढं अंगावर यायचं कारण नाही. माझ्या रूमवर पण येतात झिणझिण्या, मी अजून जिवंत आहे.

शिरोळचा_ऊसवाला:
सांग मर्दा, सांग. रूममालकाला पण सांग.

काकू_राजारामपुरी:
भांडू नका रे. वायरमन म्हणतो अर्थिंग केलेलं आहे, घर बांधताना खड्ड्यात मीठ-कोळसा घातला होता. वरून आता पार्किंगची फरशी आहे.

उद्यमनगरचा_फिटर:
खड्डा असणं आणि तार खोलीपर्यंत पोचणं वेगळं, काकू. त्याला शंभरच्या बल्बनं फेज आणि अर्थ तपासायला सांगा, आधी मेन बोर्डावर, मग कॉम्प्युटरच्या बोर्डावर. तुम्ही स्वतः करायचं नाही.

पहिल्या_वर्षाचा:
माझं ठरलं. रायझन 5 5600, बी550 बोर्ड, आरएक्स 6600, एसएमपीएस 550 ब्राँझ. रॅम आत्तेभावाच्या जुन्या पीसीतली 8 ची पट्टी, तसलीच दुसरी सेकंडहँड शोधतोय. कॅबिनेट सगळ्यात स्वस्त जाळीचं. मॉनिटर म्हणून सध्या हॉलमधला टीव्ही, मम्मीची मालिका संपल्यावर. प्रोटेक्टरचे पैसे पप्पा वेगळे देतो म्हणाले, फ्रीज पण वाचेल म्हणून.

आय_फाइव्ह_दादा:
सहा कोअर घेतलेस ना? म्हणजे माझं ऐकलंस. बाकी फिटरसाहेबांची कृपा. टीव्हीवर 60 हर्ट्झमध्ये हेडशॉट कसे बसतात ते कळव. आणि विंडोज 11 वर व्हॅलोरंट खेळायला टीपीएम 2.0 आणि सिक्युअर बूट या सुरक्षेच्या सोयी लागतात, बायोसमध्ये (बोर्डाच्या सेटिंगमध्ये) चालू आहेत का बघ. हे तुमच्या वायरमननं सांगितलं नाही.

उद्यमनगरचा_फिटर:
हे दादांचं बरोबर. कधी नव्हे ते.

काकू_राजारामपुरी:
वायरमन येऊन गेला. मेन बोर्डावर बल्ब लावला तर तो पेटलाच नाही, घरातली सगळी लाईट गेली. आरसीसीबी (करंट गळला की लाईट तोडणारा स्विच) पडला म्हणाला. खोलीतल्या बोर्डावर लावला तर काहीच झालं नाही, बल्बही नाही आणि लाईटही गेली नाही. तो म्हणतो, बघा, खोलीत काही प्रॉब्लेम नाही.

उद्यमनगरचा_फिटर:
उलटं आहे काकू. मेनवर आरसीसीबी पडला म्हणजे करंट जमिनीत गेला, मेनपर्यंत अर्थ पोचलेला आहे. खोलीत काहीच झालं नाही म्हणजे तिथं अर्थची तार पोचलेलीच नाही. त्याला परत बोलवा, मेनपासून त्या बोर्डापर्यंत हिरवी तार ओढून घ्या. एक्सटेन्शन बोर्डाची जाड पिन कुणी कापलेली नाही ना, तेही बघायला सांगा.