जुनं काळं पायमशीन ठेवावं की झिगझॅग घ्यावं?

सुईदोरा: घरात सरळ टाक्याचं लोखंडी पायमशीन आहे. बरेच दिवस बंद आहे, चाक जड फिरतं. ब्लाउज, पडदे, जीन्स आखूड करणं, साडीचा पिको, काज आणि मुलांचे टीशर्ट शिवायचे आहेत. याला मोटर बसवू, की नवं घेऊ?

तेलबुधली: मोटरचं नंतर बघा. आधी पट्टा उतरवून चाक हाताने फिरवा. तरीही जड जात असेल तर बहुतेक जुनं तेल गोठलंय; खोबरेल घातलेलं असेल तर हमखास. तेलाच्या प्रत्येक भोकात रॉकेलचे २-३ थेंब सोडा, १० मिनिटं चाक फिरवत राहा, बाहेर येणारी काळी घाण पुसा आणि मग मशीनचं पातळ तेल घाला. पुढे शटल (सुईखाली दोऱ्याचा फास पकडणारा भाग) काढून त्याच्या टोकावरून नख फिरवा. खरखर लागली तर दोरा तिथेच तुटणार, शटल बदलून टाका. सुईचा दांडा धरून हलवा. आडवा खेळ जाणवला तर मात्र मोटरवर खर्च करू नका. मोटर बसवलीच तर तिचा पट्टा बोटाने साधारण १ सेंमी दबेल इतका सैल हवा, ताठ पट्ट्याने मोटर तापते.

काजबटण: ताई, तुमच्या यादीतलं निम्मं काम सरळ टाक्याचं नाहीच. पिको आणि काज यांना सुई डावी-उजवी हलावी लागते, आणि ती झिगझॅग मशीनचीच हलते. टीशर्टचं कापड ताणलं की सरळ टाका तटकन तुटतो. तिथे ताणणाऱ्या कापडाची स्ट्रेच सुई लावायची, झिगझॅग टाक्याची रुंदी १ मिमी आणि लांबी २.५ मिमी ठेवायची. पण झिगझॅग मशीनच्या सुईखालच्या धातूच्या पट्टीतलं सुईचं भोक आडवं लांब असतं, त्यामुळे जॉर्जेटची कड सुरुवातीलाच आत ओढली जाते. खाली वर्तमानपत्राची पट्टी ठेवा आणि दोन्ही दोऱ्यांची टोकं मागे धरा. बारीक भोकाच्या जुन्या मशीनवर हा त्रास फारसा होत नाही. म्हणून माझं मत: जुनं विकू नका, त्याच्या जोडीला साधं झिगझॅग घ्या.

सुईदोरा: मग जीन्स कशावर? जाड शिवणीवर टाके सुटतात.

तेलबुधली: जुन्यावरच, १६ किंवा १८ नंबरची सुई लावून. शिवणीवर चढताना फूट (कापड दाबून धरणारा मशीनचा पाय) तिरकं होतं, कापड सुईबरोबर वर उचललं जातं, दोऱ्याचा फास बनत नाही आणि शटलला तो सापडत नाही. शिवण हातोडीने चेपा, फुटाच्या मागे तेवढ्याच जाडीची कापडाची घडी सरकवा, आणि तेवढे ५-६ टाके हाताने चाक फिरवून घाला.