अनुभव धागा: माझं बळ संपलं तेव्हा भेटलेली कृपा

सर्वांना जय ख्रिस्त. कृपेनेच विश्वासाच्या द्वारे तारण, म्हणजे पापातून सुटका, हे बायबलमधलं वचन, इफिसकरांस 2:8, आपल्याला तोंडपाठ असतं. ते अंगी कधी मुरलं? प्रसंग लहान असला तरी लिहा. सुरुवात मी करते.

माझी एक वही होती. किती अध्याय वाचले, किती वेळ प्रार्थना केली, उपास झाला का, सगळ्यापुढे रोज खूण. आई अंथरुणाला खिळली आणि 23 दिवस वही उघडलीच नाही. एका रात्री तिच्या उशाशी प्रार्थनेला बसले, तर तोंडून आधी माफीच निघाली, ‘प्रभू, इतके दिवस आले नाही.’ आई डोळे मिटूनच म्हणाली, "अगं, तो इथंच होता की." ती 23 पानं अजून कोरी आहेत.

--

ताई, माझं दारूचं आहे. सुटली होती, चार वर्षं. मंडळीत, चर्चमध्ये सगळ्यांसमोर, साक्ष द्यायचो, ‘मी सोडली.’ मग एक दिवस पुन्हा प्यायलो. त्या रविवारी मागच्या बाकावर बसलो, मान वर होईना. लूक 18 मधल्या येशूच्या दाखल्यातल्या जकातदाराचं तेवढंच आठवलं: देवा, मज पाप्यावर दया कर. त्याच दाखल्यातला, आठवड्यातून दोनदा उपास करतो म्हणून मिरवणारा परूशी, म्हणजे धर्मनियम काटेकोर पाळणारा, तो दुसरा कोणीतरी, असं मी आजवर धरून चाललो होतो. आता पुन्हा सुटली आहे. साक्षीत ‘मी’ येऊ देत नाही.

--

मी ख्रिस्ती घरातच जन्मले. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा 1883 चा. पण ख्रिस्ती धर्म मिळाला, ख्रिस्त मात्र अजून भेटायचा होता, हे त्यांना पुढे काही वर्षांनी उमगलं. ते वाचून पुस्तक मिटलं आणि बराच वेळ तशीच बसून राहिले.

--

पण बायबलमधल्या आपल्या पत्रात याकोब म्हणतो, कर्मांवाचून विश्वास निर्जीव. त्याचं काय?

--

दादा, इफिसकरांसचंच पुढचं वचन बघा, 2:10. सत्कृत्यं आहेतच, पण तारणानंतर. मी आजारी शेजाऱ्यांची सेवा पूर्वीही करायचे, आताही करते. पूर्वी घरी येऊन हिशेब मांडायचे, पुरेसं झालं का म्हणून. आता येते आणि झोपते.

--

मला असा अनुभव अजून नाही. रोज रात्री दिवसभराच्या चुका मोजत पडते. आज मोजल्या नाहीत, हा धागा वाचत होते. माझ्यासाठी प्रार्थना करा.