चॅटबॉटशी बोलून बरं वाटलं, एवढ्यावर त्याला समुपदेशक म्हणून पास करायचं का?

माळढोक: मार्च 2025 मध्ये अमेरिकेतल्या डार्टमथच्या संशोधकांनी 'थेराबॉट' या मानसोपचार चॅटबॉटच्या चाचणीचे निष्कर्ष छापले. 210 प्रौढ सहभागी. नैराश्य असलेल्यांची लक्षणं सरासरी 51 टक्क्यांनी घटली. लगेच 'आता समुपदेशक कशाला?' सुरू झालं. पण तुलना कुणाशी होती? प्रतीक्षा यादीतल्यांशी, म्हणजे ज्यांना तोवर बॉट मिळालाच नव्हता. शिवाय तो खास उपचारासाठी घडवलेला, संशोधकांचं लक्ष असलेला बॉट. फोनमधल्या सर्वसाधारण चॅटबॉटला त्याचे गुण कसे द्यायचे?

सांजवात: असहमत. बहुतेकांसाठी प्रतीक्षा यादी हीच वस्तुस्थिती आहे. रात्री दोनला छातीत धडधडतं तेव्हा समोर उत्तम समुपदेशक नसतो, छत असतं. त्या छतापेक्षा बॉट बरा का, एवढंच बघा. आणि जे माणसाला सांगायची लाज वाटते ते इथे सांगता येतं, हे कमी आहे?

गणकयंत्र: 1966 च्या 'एलायझा' या संवाद साधणाऱ्या संगणक प्रोग्रॅमलाही लोक मनातलं सांगत होते. ती फक्त तुमचंच वाक्य फिरवून प्रश्न करायची. तरी ती बनवणाऱ्या वायझेनबॉम यांच्या सेक्रेटरीने, मी हिच्याशी बोलतेय तोवर बाहेर थांबा, असं त्यांनाच सांगितलं! तेव्हा 'मोकळं वाटलं' याला गुण देताना जरा हात आखडता घ्या.

माळढोक: अगदी. आता तर हांजी हांजीची भर पडलीय. एप्रिल 2025 मध्ये ओपनएआयला चॅटजीपीटीचं एक अपडेट मागे घ्यावं लागलं, कारण बॉट नको तितकी री ओढत होता. 'सगळे मला टाळतात' म्हटल्यावर चांगला समुपदेशक 'कशावरून?' विचारतो. बॉट म्हणतो, तुमची भावना रास्त आहे. बरं वाटतंच की! पण तो समज आणखी पक्का होतो त्याचं काय?

सांजवात: मान डोलावून फी घेणारे समुपदेशकही असतात हो. बरं, तुमची कसोटी सांगा.

माळढोक: आडून बोललेलं त्याला कळतं का, ही. 'माझ्या वस्तू कुणाकुणाला देऊन टाकू?' असं खचलेल्या माणसाने सहज विचारलं, तर तो यादी करून देतो, की थांबून 'जीव द्यायचा विचार मनात येतोय का?' असं सरळ विचारतो आणि माणसाकडे पोचवतो?

सांजवात: चालेल. फक्त पहिल्याच संदेशाला नको, शंभराव्याला विचारा. लांबलेल्या गप्पांत सुरक्षेचे उपाय ढिले पडू शकतात, हे ओपनएआयनेच ऑगस्ट 2025 मध्ये मान्य केलंय. आणि हाच पेपर माणसांनाही द्या, मग दोघांचे गुण शेजारी ठेवून भांडू.