मदत हवी आहे: चीनमध्ये आजींकडे सणाला काय नेऊ?

नमस्कार मंडळी. मी चिपळूणची, सध्या चीनमध्ये ग्वेलिनजवळच्या गावात स्वयंसेवक म्हणून इंग्रजी शिकवते.

ड्रॅगन बोटींच्या सणाला एका विद्यार्थिनीच्या आजींनी मला झोंगझ बांधायला शेजारी बसवलं. बांबूच्या पानाचा द्रोण, त्यात भिजवलेला चिकट तांदूळ, वरून दोरा घट्ट आवळायचा. उकडताना पानांचा वास सुटला आणि हळदीच्या पानातल्या पातोळ्या आठवून डोळे भरून आले. मी शाकाहारी, म्हणून आजींनी डुकराच्या मांसाऐवजी मुगाची डाळ घालून माझे वेगळे बांधले. किती ही माया!

आता मिड-ऑटम फेस्टिव्हलचं, म्हणजे शरदातल्या चंद्राच्या सणाचं, बोलावणं आहे. मूनकेकमध्ये (या सणाला खातात तो सारण भरलेला केक) बऱ्याचदा चरबी आणि खारवलेल्या अंड्याचा बलक असतो. आजींचं मन न दुखावता नाही कसं म्हणू? चिनी वाक्य सुचवाल का? आणि सोबत खोबऱ्याच्या वड्या चालतील? घड्याळ भेट द्यायचं नसतं, एवढं कळलंय.